मेच्या सुट्टीत दिल्ली की काठमांडू? खान्देशातून निघणाऱ्यांसाठी

परवा अमळनेरहून मावसभावाचा फोन आला, "दादा, सुट्टीमा दिल्ली जावानं का काठमांडू?" सोबत मावशी, वहिनी आणि दोन पोरं. मी आईला घेऊन दोन्हीकडे जाऊन आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, अजून कोणाला उपयोग झाला तर बरंच.

आधी ऊन बघा. जळगाव-भुसावळचा ४४-४५ चा पारा सोडून तुम्ही दिल्लीत उतरणार आणि तिथं मेमध्ये तेच ऊन, वरून लाल किल्ल्याचा तापलेला दगड. काठमांडू साधारण १४०० मीटर उंचीवर आहे, मेमध्ये तिथं दुपारीसुद्धा हिंडता येतं, फक्त संध्याकाळी कधी कधी पाऊस येतो आणि हिमालय धुरकट दिसतो. बर्फाची शिखरं बघायची असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा, पण तेव्हा आपल्याकडे कापूस वेचणी चालू असते.

प्रवासात मात्र दिल्ली सोपी. भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेस किंवा पंजाब मेल पकडली की एक रात्र झोपून दिल्ली. काठमांडूला सरळ गाडी नाही, भुसावळहून कुशीनगर एक्स्प्रेसनं गोरखपूर, तिथून सोनौली बॉर्डर, मग पुढं डोंगरातली बस, आणि त्या बसमध्ये नऊ-दहा तास सहज जातात, दरड पडली तर जास्तच. मावशीचे गुडघे दुखत असतील तर हे करूच नका, दिल्लीपर्यंत ट्रेन आणि पुढं विमान, दीड-दोन तासांत काठमांडू.

दिल्लीत बघायला इतकं आहे की चार दिवस पुरत नाहीत. लाल किल्ला शहाजहाननं १६३८ ला बांधायला घेतला, सोमवारी बंद असतो हे लक्षात ठेवा. ७२.५ मीटरचा कुतुबमिनार तर बघालच पण त्याच्या आवारातल्या लोखंडी खांबापाशी थांबा, साधारण सोळाशे वर्षं ऊनपावसात उभा आहे आणि गंज नाही, आपल्या नांगराचा फाळ एका पावसाळ्यात तांबडा होतो. राष्ट्रपती भवनाचं बुकिंग आधी ऑनलाइन करा. ३४० खोल्यांचा तो वाडा, आणि तिथं २००७ ते २०१२ आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या प्रतिभाताई राहिल्या, हे आईनं पोरांना सांगितलं तेव्हा तिचा आवाज वेगळाच होता. फिरायला मेट्रो आहे, एसी, त्यामुळे उन्हातसुद्धा निभतं.

काठमांडूत मेट्रो नाही, टॅक्सीचं भाडं आधी ठरवून घ्या. पण पशुपतिनाथ! बागमती नदीच्या एका काठावर चिता जळतायत आणि संध्याकाळी समोरच्या काठावर आरती चालू, आई तासभर काही बोललीच नाही. स्वयंभूच्या टेकडीवरच्या स्तूपाला पूर्वेकडून ३६५ पायऱ्या आहेत, म्हाताऱ्या माणसाला गाडीनं मागच्या बाजूनं न्या. बौद्धनाथचा स्तूप सपाटीवर, आरामात प्रदक्षिणा होते. २०१५ च्या भूकंपात दरबार चौकातली बरीच देवळं पडली होती, त्यातला काष्ठमंडप हा जुना लाकडी मंडप लाकडातच पुन्हा उभा केलाय, तो बघाच.

आणि एक गोष्ट आईमुळे कळली. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे चौथी शिकलेली माझी आई रस्त्यावरच्या पाट्या स्वतः वाचत होती, "औषधि पसल" वाचून म्हणे, पसल म्हणजे दुकान असेल ना रे? परदेशात तिला कोणाला विचारावं लागलं नाही.

जेवणाचं दोन्हीकडे जमतं. काठमांडूत डाळभात पुन्हा पुन्हा वाढतात, तिखट कमी, म्हणून शेंगदाण्याची चटणी घरून न्या.

माझं मत विचाराल तर मेमध्ये, मावशी सोबत आणि हातात आठ दिवस असतील तर काठमांडू. चारच दिवस असतील तर दिल्ली, पण ती फेब्रुवारीत करा, पोरांची दोन दिवस शाळा बुडाली तरी चालेल.

काठमांडू ठरलं तर व्हिसा लागत नाही, पण विमानाला १५ ते ६५ वयाच्या माणसांचं आधार कार्ड चालत नाही, त्यांना पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड लागतं. मावशीचं मतदान कार्ड आजच कपाटातून काढा आणि त्यावरचं नाव तिकिटाशी जुळतंय का बघा.