हायपरथायरॉइड: गोळ्या, ऑपरेशन की आयोडीनची कॅप्सूल? मिरज आणि पुण्यातल्या दवाखान्यांचा माझा अनुभव

2021 च्या श्रावणात माझ्या हातून सुईत दोरा ओवला जाईना. मी सांगलीत सोळा वर्षं ब्लाऊज शिवतेय, सणासुदीला दिवसाला सात-आठ नग माझ्या मशीनवरून उतरतात, आणि त्या वर्षी हुक लावायला बसलं की बोटं थरथरायची. रात्री आडवी झाले तरी छाती धडधडत असायची. जेवण दुप्पट आणि वजन मात्र 58 किलोवरून 49 वर. जवळच्या एका डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" म्हणत झोपेच्या गोळ्या दिल्या, त्यात दोन महिने गेले. माझी नणंद लॅबमध्ये कामाला आहे. तिनं मला हात पुढे करायला लावून बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद लटलट हलायला लागला, तसं तिनं तिथंच थायरॉइडचं रक्त काढलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, 0.005, जवळजवळ नाहीच. थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक फ्री टी-फोर 4.1, खूप वर. नाडी 128. म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त चालत होती, यालाच हायपरथायरॉइड म्हणतात.

तिनंच मिरजेतल्या एका एंडोक्राइनोलॉजिस्ट (संप्रेरकांच्या आजारांच्या डॉक्टर) मॅडमचा पत्ता दिला. हा अभिप्राय मुख्यतः त्या दवाखान्याबद्दल आहे, आणि पुढे पुण्यातल्या ज्या न्यूक्लियर मेडिसिन विभागात (जिथं किरणं सोडणाऱ्या औषधांनी तपासणी आणि उपचार करतात) माझा उपचार झाला त्याबद्दल. दोन्हींची नावं इथं देत नाही, कारण काही उणिवाही लिहायच्या आहेत.

मिरजेच्या दवाखान्यात बसायला जागा कमी. नंबर सकाळी साडेआठला लावावा लागतो आणि मॅडम अकराला येतात. दुपारी एकच्या आत माझा नंबर कधीच लागला नाही. पण आत गेल्यावर त्या घाई करत नाहीत, हे मी तीन वर्षं पाहिलंय. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी ओढणी बाजूला करून मागून दोन्ही हातांनी गळा चाचपला, डोळे बघितले, नखं बघितली. "ताई, तुमच्या शरीरातच अशी प्रथिनं तयार झालीत की ती थायरॉइडला सारखी ढोसत राहतात," असं सांगितलं. ग्रेव्ह्ज डिसीज हे नाव त्यांनी माझ्या वहीत मराठीत लिहून दिलं. त्या प्रथिनांची तपासणी, टीआरएबी, 11.2 आली. त्या लॅबचं प्रमाण 1.75 च्या आतलं होतं.

थायरॉइडचं काम मंदावणारं कार्बिमाझोल 20 मिलिग्रॅम सुरू झालं, आणि धडधड कमी व्हायला प्रोप्रानोलॉल. त्याआधी दमा आहे का हे त्यांनी दोनदा विचारलं, कारण दमेकऱ्याला ती गोळी चालत नाही. आणि चिठ्ठीवर लाल शाईनं एक ओळ लिहिली: ताप आला किंवा घसा दुखला तर कार्बिमाझोल बंद करून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासा. हजारात दोन-तीन जणांच्या पांढऱ्या पेशी कार्बिमाझोलनं एकदम खाली येतात, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत. दुसऱ्या महिन्यात माझा घसा खरंच दुखला. रविवार होता. दवाखान्याच्या नंबरवर फोन उचलला गेला आणि तासाभरात रक्त दिलं. पेशी ठीक होत्या, साधी सर्दी होती. पण रविवारी फोन उचलणारं माणूस असणं ही या आजारात चैन नाही, उपचाराचाच भाग आहे. जिथं गोळ्या चालू कराल तिथं आधी एवढं विचारून घ्या.

दिवाळीपर्यंत हात स्थिर झाले. दीड वर्ष गोळ्या घेतल्या, हळूहळू 5 मिलिग्रॅमवर आले. फेब्रुवारी 2023 मध्ये टीआरएबी पुन्हा केली तर 2.9. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की गोळ्यांचा कोर्स पुरा करणाऱ्यांत निम्म्यांचा आजार परत उलटतो, आणि ज्यांचं टीआरएबी अजून वर आहे त्यांचा उलटायची शक्यता जास्त. छोटा डोस चालू ठेवायचा की थांबवून बघायचं, हे त्यांनी माझ्यावर सोडलं. मी थांबवलं. ऑक्टोबरमध्ये, ऐन नवरात्राच्या घाईत, बोटं पुन्हा थरथरली.

आणि मग खरा प्रश्न आला. त्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघांना, मला आणि यांना, दुपारी शेवटचा नंबर देऊन बसवलं. जवळजवळ पाऊण तास. माझ्या पाच ताऱ्यांपैकी चार या पाऊण तासाचे आहेत.

त्यांनी तीन रस्ते सांगितले. पहिला, गोळ्या पुन्हा सुरू करून कमी डोसवर कितीही वर्षं चालवायच्या. काही लोक असे पाच-दहा वर्षं नीट राहतात, फक्त रक्त तपासत राहायचं. दुसरा, ऑपरेशन करून सगळी ग्रंथी काढायची. आजार तिथंच संपतो, पण दुसऱ्या दिवसापासून थायरॉक्सिनची, म्हणजे ग्रंथी बनवायची त्याच संप्रेरकाची, गोळी जन्मभर. तिसरा, रेडिओअॅक्टिव्ह आयोडीन. थायरॉइडला आयोडीन लागतंच, ती ते ओढून घेते, आणि त्यातले किरण दोन मिलिमीटरच्या आतच काम करून ग्रंथीच्या पेशी मारतात. त्यालाही काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि बहुतेकांना शेवटी थायरॉक्सिन सुरू करावंच लागतं. "मग एक रोग जाऊन दुसरा लावून घ्यायचा का?" असं यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "एकाच गोळीवर स्थिर राहतं ते सांभाळणं सोपं. वरखाली होणारं हृदयाला झेपत नाही." हे वाक्य माझ्या मनात बसलं. माझ्या आईचं हृदय असंच अनियमित झालं होतं.

त्यांनी मला लगेच ठरवू दिलं नाही. सर्जनला भेटून या, डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटून या, मग सांगा, म्हणाल्या. दोन चिठ्ठ्या लिहून दिल्या.

सर्जन मिरजेतलेच. त्यांनी ऑपरेशन विकायचा प्रयत्न केला नाही, याचं मला अप्रूप वाटलं. गलगंड मोठा असेल, त्यात संशयास्पद गाठ असेल, डोळे फार बाहेर आले असतील किंवा लवकर मूल हवं असेल तर ऑपरेशन आधी, म्हणाले. तुमच्यात यातलं काही नाही. धोके दोन: आवाजाची नस थायरॉइडच्या मागूनच जाते, आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार इवल्या ग्रंथी तिलाच चिकटलेल्या असतात. अनुभवी हातात कायमची इजा शंभरात एक-दोघांना. तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, हे मी विचारलं. ते रागावले नाहीत, आकडा सांगितला. कुणालाही ऑपरेशनच करायचं असेल तर हा प्रश्न विचारायला लाजू नका.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मात्र निकाल थोडा अडला. सकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं आणि पापण्या सुजायच्या, ते ग्रेव्ह्जचंच निघालं, सौम्य. आयोडीननं हा त्रास वाढू शकतो, विशेषतः सिगारेट ओढणाऱ्यांचा. आमच्या घरात कुणी ओढत नाही. आयोडीन घ्यायचंच असेल तर सोबत प्रेडनिसोलोनचा (सूज कमी करणारं स्टेरॉइड) छोटा कोर्स द्या, असं त्यांनी मॅडमना लिहून दिलं. ही चिठ्ठी मिळाली नसती तर मी सरळ कॅप्सूल घेऊन मोकळी झाले असते. म्हणून मी प्रत्येकीला सांगते, डोळ्यांत काही जाणवत नसलं तरी आधी दाखवून या.

निवड करताना घरचं चित्र डोळ्यासमोर होतं. आम्ही एकत्र राहतो. जाऊबाईंची मुलगी तीन वर्षांची, ती माझ्या मांडीवर बसूनच जेवते. दोन लेकरं माझी, मोठी. पोरं आता नको आहेत. ऑपरेशन केलं तर आठ-दहा दिवस मशीन बंद. गोळ्या चालवल्या तर प्रत्येक सणाला हात थरथरतील का ही टांगती तलवार. मी आयोडीन ठरवलं. तुमच्या घरात वेगळं चित्र असेल तर तुमचं उत्तर वेगळं येईल, आणि ते बरोबरच असेल. पंचविशीतल्या, नुकतं लग्न झालेल्या मुलीला मी कॅप्सूल घे असं म्हणणार नाही. कॅप्सूल घेतल्यावर बाईनं निदान सहा महिने गरोदर राहायचं नसतं, आणि पोटात बाळ असताना तर ही कॅप्सूल चालतच नाही.

मॅडमनी मुंबईचा पर्यायही सांगितला होता. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, 1963 पासून, आणि थायरॉइडचं काम तिथं फार मोठं. माझा भाऊ पुण्यात असल्यानं मी पुणे घेतलं.

पुण्याच्या न्यूक्लियर मेडिसिन विभागाला मी पाचपैकी साडेतीन देते. फोनवरचं काम उत्तम. आधीच विचारलं: गेल्या दोन-तीन महिन्यांत डाय देऊन सीटी स्कॅन केलाय का, आयोडीनचं काही औषध चालू आहे का, कारण मग ग्रंथी आधीच आयोडीननं भरलेली असते आणि कॅप्सूल वाया जाते. तोवर पुन्हा चालू केलेलं कार्बिमाझोल पाच दिवस आधी बंद करायला सांगितलं. तारीख त्यांच्या सोयीनं मिळते, कारण हे आयोडीन साठवून ठेवता येत नाही. आठ दिवसांत त्याची ताकद निम्मी होते. आधी टेक्नेशियम या किरणं सोडणाऱ्या द्रव्याचं इंजेक्शन देऊन ग्रंथीचा स्कॅन झाला. माझी ग्रंथी त्यातलं 14 टक्के ओढत होती, चारच्या आत हवं. त्यानंतर गरोदरपणाची तपासणी, ती सगळ्या बायकांची करतात, मला ते पटलं. डॉक्टरांनी शिशाच्या डबीतून कॅप्सूल काढली, मी पाण्याबरोबर गिळली. दोन मिनिटांचं काम. डोस 15 मिलिक्युरी (किरणांचं माप). स्कॅनचे 3,200 आणि कॅप्सूलचे 9,500 रुपये घेतले, जानेवारी 2024 मध्ये.

दीड तारा कशाचा कापला ते सांगते. घरी पाळायच्या सूचनांचा कागद फक्त इंग्रजीत होता. माझ्यापुढे बसलेल्या फलटणच्या आजीला तो कुणी वाचून दाखवला नाही, मीच तोडकामोडका सांगितला. आणि घरी कसं जाणार हे मला कॅप्सूल गिळल्यावर विचारलं. मी स्वारगेटवरून एसटीनं जाणार होते, चार-पाच तास कुणाच्या तरी मांडीला मांडी लावून. शेजारी गरोदर बाई बसली असती तर? नर्सनं विचारलं म्हणून बरं झालं, पण ते आठवडाभर आधी फोनवरच विचारायला हवं होतं. दादाला अर्धी रजा टाकून गाडी काढावी लागली. मी मागच्या सीटवर त्याच्या तिरक्या कोपऱ्यात बसले.

घरी वरच्या खोलीत एकटी झोपले. ताट, टॉवेल, चादर वेगळी. भरपूर पाणी, आणि संडासात दोनदा फ्लश. पुतणी दारात येऊन रडायची, तेवढे दिवस फार जड गेले. तिला जाऊबाईंच्या माहेरी पाठवायला हवं होतं. लहान मूल घरात असेल त्यांनी आधीच ती सोय करावी.

प्रेडनिसोलोन हळूहळू कमी करत बंद झालं, डोळ्यांचा त्रास वाढला नाही. मेमध्ये टीएसएच 38 झालं, म्हणजे ग्रंथी थंड पडली. तेव्हा अंगावर सूज, सुस्ती आणि केस मूठ-मूठ गळत होते. थायरॉक्सिन 88 मायक्रोग्रॅमवर स्थिरावायला आणखी पाच महिने लागले. पहाटे उपाशीपोटी घेते, चहा तासाभरानं. केस गळतात म्हणून मी मेडिकलमधून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्या होत्या. रक्त काढताना नणंदेनंच विचारलं आणि चाचणी तीन दिवस पुढे ढकलली. बायोटिन पोटात असलं की काही लॅबमध्ये थायरॉइडचे आकडे खोटे येतात, अगदी हायपर परत आल्यासारखे.

मिरजेला जाणार असाल तर सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, मॅडम पहिल्यापासून बघतात. आणि पुण्याच्या त्या सूचनांचा कागद मी नणंदेच्या मदतीनं मराठीत स्वच्छ लिहून काढला आणि तपासणीला गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर देऊन आले. डॉक्टरांनी घेतला, लावतो म्हणाले. पुढच्या वेळी जाईन तेव्हा तो भिंतीवर आहे का ते बघून इथं लिहीन.