रत्नागिरीची बाजारपेठ: जांभ्याचं दुमजली घर की सात मजली आरसीसी इमारत?

जांभा म्हणजे कोकणातला लाल दगड. त्याच्या भिंतीत लोखंडी सळई नाही, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याने गंजण्याचा प्रश्नच नाही. पावसाळ्याआधी कौलं शाकारावी लागतात, वाशांची वाळवी बघावी लागते. स्वतः राहायचं असेल तर जांभाच बरा. पण दोन मजल्यांपलीकडे तो चढवू नये.

सात मजल्यांना आरसीसीच, म्हणजे सळई घातलेलं काँक्रीटच हवं, आणि खरा घोळ इथेच होतो. हवेतलं मीठ काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचतं, गंज फुगतो, स्लॅबचे पोपडे पडतात. म्हणून आयएस ४५६ हे काँक्रीटसाठीचं भारतीय मानक किनाऱ्यालगत किमान एम३० ताकदीचं काँक्रीट, ४५ मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ सांगतं. हा थर राखायला सळईखाली ठेवतात ते कव्हर ब्लॉक २५ मिमीचे दिसले तर काँक्रीट ओतू देऊ नका. खाडीची न धुतलेली वाळूही नको. जुनं घर पाडून इमारत बांधायची असेल तर पुनर्विकासाच्या करारात हे आकडे लिहून घ्या. टाइल्स नंतर ठरवता येतात.