पासबुकातील २९५ रुपये : बँकेच्या मोबाइल ॲपचा आठ महिन्यांचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावापासून बँकेची शाखा १९ किलोमीटरवर, तालुक्याच्या ठिकाणी आहे. पासबुक भरून आणायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची आणि छापण्याचे यंत्र बंद असले तर तसेच परतायचे, म्हणून गेल्या मे महिन्यात मी बँकेचे ॲप घेतले. कापसाचा चुकारा, पीक कर्ज, किसान सन्मान निधीचे हप्ते आणि थोडेफार यूपीआय, एवढेच आमचे व्यवहार. इतक्या लहान खात्यात अनोळखी कपात कुठून येणार, असे मला वाटत होते.

त्याच महिन्याच्या अखेरीस माझ्या खात्यातून ४३६ आणि बाबांच्या खात्यातून २० रुपये गेले. ॲपमध्ये त्यापुढे केवळ इंग्रजी आद्याक्षरे होती. चौकशी केल्यावर कळले की पहिली रक्कम जीवनज्योती विम्याची आणि दुसरी सुरक्षा विम्याची आहे, व दोन्हींचे वर्ष १ जूनला सुरू होत असल्याने हप्ता मेअखेरीस कापला जातो. गावातल्या शिबिरात अर्जावर सह्या आम्हीच केल्या होत्या. वीस रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळत असल्याने ती कपात आम्ही चालू ठेवली.

ऑगस्टचे प्रकरण मात्र वेगळे होते. सन्मान निधीचे २,००० रुपये जमा झाले आणि त्याच दिवशी २९५ रुपये दोनदा कापले गेले. हा आकडा विचित्र दिसतो, पण तो २५० रुपये दंड आणि त्यावरील १८ टक्के जीएसटीचे ४५ रुपये मिळून होतो. दंड कशाचा, हे कळण्यासाठी मला शाखेच्या दोन फेऱ्या माराव्या लागल्या. मागील वर्षी मी एका वित्त कंपनीच्या कर्जावर, हप्त्यांनी मोबाइल घेतला होता. तूर विकल्यावर एप्रिलमध्ये सगळी बाकी एकदम भरली आणि कंपनीकडून ना-देय दाखलाही घेतला. कर्ज संपले, परंतु खात्यातून परस्पर हप्ता वळता करण्याची जी संमती, म्हणजे मँडेट, मी सुरुवातीला दिली होती, ती तशीच चालू राहिली. जून आणि जुलैत कंपनीने पुन्हा हप्ता मागितला, पेरणीमुळे खाते रिकामे असल्याने मागणी परत गेली, आणि बँकेने दोन्ही वेळचा दंड मांडून ठेवून पैसे येताच वसूल केला. फेडलेल्या कर्जाचा हप्ता चुकला म्हणून दंड बसला, असा हा हिशेब होता.

ॲपमधील तक्रारीच्या यादीत कार्ड, एटीएम आणि यूपीआय एवढेच पर्याय होते. माझी कपात त्यांपैकी कशातच बसेना. शाखेत ‘भाऊ, हे कंपनीकडे मागा’ असे उत्तर मिळाले. तेव्हा मँडेट रद्द करण्याचा लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर शिक्क्याची पोच घेतली, आणि कंपनीला दाखल्याची प्रत जोडून कळवले की ३० दिवसांत उत्तर न आल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. तेथे तक्रारीला शुल्क लागत नाही आणि १४४४८ या क्रमांकावर माहितीही मिळते. सव्विसाव्या दिवशी कंपनीकडून ५९० रुपये जमा झाले. बँकेकडून मात्र एक अक्षरही आले नाही.

माझी चूक एकच: जुलैत मी ॲप उघडलेच नव्हते. दंडाच्या बाबतीत ते निभावले; पैसे परस्पर कुणी काढले असते तर ते महागात पडले असते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकावर काहीही भार येत नाही. चौथ्या ते सातव्या कामकाजी दिवसापर्यंत कळवल्यास तो मर्यादित असतो. आमच्याकडे पावसाळ्यात नेटवर्क दोन-दोन दिवस गायब होते, त्यामुळे हे तीन दिवस ऐकायला वाटतात तेवढे मोठे नाहीत.

ॲपबद्दल सांगायचे तर, शिल्लक आणि नोंदी वेळेवर दिसतात व विवरण उतरवून घेता येते, हे उपयोगी आहे. मराठी निवडूनही नोंदींचे तपशील इंग्रजी आद्याक्षरांतच राहतात, हे खटकते. डिसेंबरमध्ये चुकारा जमा झाला आणि त्याखाली १७ रुपये ७० पैशांची कपात दिसली. एसएमएसचे १५ रुपये आणि त्यावरील जीएसटी, हे या वेळी मला शाखेत न जाता उलगडले.