विसावा कामगार घ्यावा की ओव्हरटाइमवर भागवावं?

वर्कशॉपमध्ये १९ जण आहेत आणि ऑर्डरी वाढल्यात. विसावा माणूस घ्यायचं म्हटलं की मालकाचा विसावा जातो, कारण २० झाले की पीएफ लागतो आणि तो एकट्या नव्या गड्याला नाही, सगळ्यांना लागतो.

पगार १५ हजार, सगळा बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता), असं धरू. ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, १० जणांपासूनच चालू आहे, मालकाचा वाटा ३.२५ टक्के म्हणजे ४८७ रुपये ५० पैसे. पीएफचे १२ टक्के, अर्धा टक्का विमा, अर्धा टक्का प्रशासन खर्च, असे माणशी १,९५० रुपये. म्हणजे विसावा माणूस स्वतः पडतो १७,४३७ रुपयांना, पण जुन्या १९ जणांच्या पीएफचे ३७,०५० तोच घेऊन येतो. महिन्याला साडेचोपन्न हजार!

एका माणसाचं महिन्याचं काम २०८ तासांचं. तेच जुन्यांकडून दुप्पट दराने करून घेतलं तर ३० हजार. एकाच माणसाची गरज असेल तर माझं मत सरळ आहे, ओव्हरटाइम द्या.

तीन माणसांचं काम असेल तर चित्र पालटतं. ओव्हरटाइम ९० हजार, भरती ८९,३६२. शिवाय माणशी महिन्याला ३३ तास जादा म्हणजे थकवा, माल रिजेक्ट होणं आणि ओव्हरटाइमच्या तिमाही मर्यादेची टांगती तलवार. तीन किंवा जास्त लागणार असतील तर भरती करून मोकळे व्हा. मात्र पुढे माणसं कमी झाली तरी पीएफ सुटत नाही, तेव्हा ऑर्डर टिकाऊ आहे ना ते आधी पाहा.

ठेकेदाराची माणसं घेऊन २० च्या आत राहू, हा सल्ला हमखास मिळतो. पण तीही मोजली जातात, आणि ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर वसुली तुमच्याकडून होते. बायकोच्या नावाने दुसरी फर्म काढायची युक्तीही जुनी झाली. दोन्हीकडे एकच कारभार दिसला की पीएफ कार्यालय दोन्ही एकत्र धरतं.

राहिला कामगार. त्याचेही १२ टक्के कापले जातात, ईएसआयसीचा त्याचा वाटा कापून हातात येणाऱ्या १४,८८७ ऐवजी १३,०८७ येतात. पहिल्या पगाराला सगळे केबिनबाहेर उभे राहतील. महिनाभर आधी, कागदावर आकडे मांडून, त्यांना सांगून ठेवा.