यंत्र सुचलंय? रॉयल्टीवर द्यायचं की स्वतः बनवून विकायचं

आपल्या भागात डोकं चालवणाऱ्या माणसापुढे दोन रस्ते असतात. पेटंट काढून कंपनीला रॉयल्टीवर, म्हणजे विक्रीमागे ठरलेल्या वाट्यावर द्यायचं, नाहीतर सांगलीजवळच्या कुपवाडच्या एखाद्या वर्कशॉपात पत्रा कापून घेऊन स्वतः विकायचं. मी दोन वेगळ्या यंत्रांसाठी दोन्ही करून पाहिलं.

पहिलं हळदीचं. पॉलिशनंतर गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची फिरती चाळण जुनीच. पण हळकुंड तिरकं होऊन जाळीत रुततं आणि गडी ड्रम थांबवून खिळ्यानं टोकरत बसतो. मी बाहेरून रबरी दट्ट्या बसवला, दर फेऱ्याला जाळीवर थाप मारणारा. पेटंट त्या दट्ट्याचं, ते एका कंपनीला रॉयल्टीवर दिलं. दुसरं, रोपवाटिकेसाठी उसाचा डोळा, म्हणजे कांडीवरचा कोंब फुटायचा भाग, काढायचं पायानं चालवायचं यंत्र. ते मीच बनवतो, मीच विकतो.

मानाच्या बाबतीत पेटंट पुढे, यात वाद नाही. कागद हातात आला की शाल-श्रीफळ येतं, शाळेत पाहुणे म्हणून बोलावतात. स्वतः बनवून विकणारा मात्र मिस्त्रीच राहतो. गिऱ्हाईक यंत्र हातानं उचलून बघतं आणि विचारतं, "एवढ्याशा लोखंडाचे एवढे पैसे?" डोक्याचा भाव किलोवर लागत नाही, हे पटवण्यात निम्मा दिवस जातो. त्यात उधारी. "कारखान्याचं बिल निघालं की देतो" हे वाक्य मला पाठ आहे.

पेटंटचा सरकारी खर्च लोक समजतात तेवढा नाही. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाचे १,६०० आणि तपासणीचे ४,००० रुपये. पुढे दरवर्षीची नूतनीकरण फी. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. खिसा रिकामा होतो तो वकिलाकडं. शिवाय पेटंट यंत्राला मिळतं, शेती करण्याच्या पद्धतीला नाही. आणि मिळालेलं टिकेलच असं नाही: हळदीनं जखम भरते यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं, ते आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं हरकत घेऊन १९९७ मध्ये रद्द करवलं. तिथं आपल्या बाजूनं झालं, एवढंच.

माझा निर्णय मात्र यातल्या कशानं झाला नाही. तो झाला हिशेबाच्या कागदानं.

कंपनीकडून दर तिमाहीला एक पान यायचं. किती चाळणी विकल्या, तो आकडा त्यांचा, बेरीजही त्यांचीच. मला गावोगाव खळ्यांवर नव्या चाळणी दिसायच्या आणि पानावरचा आकडा हलायचा नाही. विचारलं तर "जुना स्टॉक आहे, साहेब." पुढे त्यांनी रबरी दट्ट्याच्या जागी नायलॉनचा ब्रश लावला, "सुधारित मॉडेल" म्हटलं आणि ते रॉयल्टीतून वगळलं. भांडता येतं की! जिल्हा न्यायालयात दावा लावायचा, समोरच्यानं "पेटंटच रद्द करा" म्हणून उलट दावा टाकला की प्रकरण हायकोर्टात जातं. तोवर हळदीचे किती सीझन जातील, देव जाणे. वर ऐन सीझनमध्ये ब्रश झिजला की फोन मलाच: "दादा, यंत्र तुमचं ना?"

डोळा काढायच्या यंत्राचीही शेजारच्या तालुक्यात नक्कल निघाली. स्वस्त, पातळ पत्र्याची. राग आला. पण पातं बोथट झालं की नक्कल घेतलेलाही माझ्याकडंच येतो, आणि पात्यात मला बरं सुटतं. किती विकली हे माझ्या वहीत आहे.

किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काही शोधला नव्हता. लोखंडानं जमिनीत विष उतरेल म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना तो बनवून, पटवून विकला, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पैसा बनवून विकणाऱ्याकडं जातो, असं निदान मला तरी दिसतं.

अर्थात तुमच्या यंत्राला महागडा साचा लागत असेल, किंवा वसुली हा तुमचा पिंडच नसेल, तर कंपनीच बरी. फक्त करारात किमान रॉयल्टी, सुधारित मॉडेलवरही रॉयल्टी आणि त्यांची विक्रीची वही तपासायचा हक्क, हे तिन्ही लिहून घ्या. शेवटच्या कलमाला आढेवेढे घेतले तर उठून या.

आणि कुठलाही रस्ता धरा, कराडच्या कृषी प्रदर्शनात यंत्र मांडण्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाका. लोकांना दाखवून झालं की नवेपणाचा दावा अडचणीत येतो. अर्ज टाकल्यावर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. तेवढ्यात गिऱ्हाईक आहे की नाही तेही कळतं.