ईएमआर वॉर्डात येऊन काही महिने झाल्यावर: एका नर्सचा अनुभव

आमच्याकडे कागदी केसपेपर बंद होऊन ईएमआर, म्हणजे पेशंटच्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवणारी सिस्टिम, सुरू झाली, त्याला आता बरेच महिने झाले. सुरुवातीच्या गोंधळावरून मत बनवायचं नव्हतं म्हणून थांबले होते. मी वॉर्डात काम करते, त्यामुळे हे सगळं पेशंटच्या पलंगाजवळून दिसलेलं आहे. लॅब किंवा बिलिंगवाल्यांचा अनुभव वेगळा असेल.

सगळ्यात मोठा फरक औषधांत पडला. ऑर्डर टाइप होऊन येते, त्यामुळे ०.५ आहे की ५, दिवसातून एकदा की चारदा, हे विचारायला डॉक्टरांना शोधत फिरावं लागत नाही. औषध देताना आधी पेशंटच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन करायचा, मग औषधाचा बारकोड. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ हे आम्ही शिकतानाच पाठ केलेलं असतं. पण रात्रपाळीच्या शेवटी, डोळ्यांवर झोप असताना, ते कुणीतरी पुन्हा तपासून देतंय याचा केवढा आधार वाटतो!

मात्र हा आधार पलंगाजवळ स्कॅन केलं तरच खरा. पट्टा ओला होऊन वाचता येत नाही, कार्टची (कॉम्प्युटर ठेवलेल्या ढकलगाडीची) बॅटरी ऐन राउंडला संपते, कोपऱ्यातल्या खोलीत नेटवर्क मिळत नाही. मग पट्ट्याची जादा प्रत काढून काउंटरवर ठेवायची आणि तिथूनच स्कॅन करायचं, अशी पळवाट निघते. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतं, पण पेशंटची ओळख कुणी पटवलेलीच नसते. यासाठी स्टाफला बोलून उपयोग नाही. चांगला प्रिंटर, टिकणाऱ्या बॅटऱ्या आणि प्रत्येक खोलीत नेटवर्क हे सॉफ्टवेअरच्या आधी यायला हवं.

व्हायटल्सचंही तसंच. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर आणला. श्वासाचा वेग, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, तापमान यांना गुण देऊन पेशंट खालावतोय का हे त्यातून लवकर कळतं. असा स्कोअर सिस्टिम आपोआप काढते, बेरीज करावी लागत नाही. पण आकडे हातावर किंवा चिठ्ठीवर लिहून, फेरी संपल्यावर एकदम भरले, तर इशाराही तेवढाच उशिरा येतो. कार्ट पेशंटपाशी नेऊन तिथल्या तिथे भरायला लागल्यापासूनच मला या सोयीचा खरा उपयोग कळला.

अलर्टचा मात्र अजूनही त्रास होतो. एखाद्या औषधाने पूर्वी मळमळ झाली होती, तेही ॲलर्जीच्या रकान्यात टाकलेलं असतं. त्यामुळे दर वेळी लाल खिडकी उघडते. अशा वीस खिडक्या बंद केल्यावर एकविसावी, खरोखर जीवघेण्या ॲलर्जीची, तितक्याच सहज बंद होण्याची भीती असते. फार्मसीने काही निरुपयोगी अलर्ट काढून टाकले, तेव्हा उरलेले लोक वाचू लागले. ॲलर्जी आणि दुष्परिणाम वेगळे नोंदवण्याचा आग्रह मी प्रत्येक नव्या ॲडमिशनला धरते.

नोट्स लांबल्यात. कालची नोट आज चिकटवली जाते, आणि कॅथेटर काढून दोन दिवस झाले तरी नोटमध्ये तो असतोच. अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये पेशंटच्या समस्यांची यादी हाच रेकॉर्डचा कणा असावा असं मांडलं. ती यादी आमच्या सिस्टिममध्येही आहे, पण ती नीट ठेवणं कुणा एकाचं काम नाही, म्हणून ती फक्त वाढत जाते. आणि ‘आज आजी नेहमीसारख्या बोलत नाहीत’ हे कुठल्याच ड्रॉपडाउनमध्ये बसत नाही. म्हणून हँडओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सला देणं, आम्ही अजूनही पलंगाजवळ उभं राहून, तोंडी करतो. ते कधीच सोडू नये.

ट्रेनिंगबद्दल थोडक्यात: वर्गात शिकलेलं फारसं टिकलं नाही. कामाला आले ते ड्यूटीवर सोबत असलेले, आमच्यातलेच, सिस्टिम चांगली येणारे सहकारी. टायपिंग हळू असलेल्या सीनियर सिस्टरही त्यांना न लाजता विचारू शकल्या. रात्रपाळीला असं कुणी नसतं, ही मोठी उणीव आहे.

शेवटचं, डाउनटाइम. सिस्टिम बंद पडते, हे धरूनच चाला. ताज्या औषधांच्या यादीची छापील प्रत आणि कोरे चार्ट कुठे आहेत हे प्रत्येक शिफ्टला माहीत हवं. आणि सिस्टिम परत आली की बाकी काही भरण्याआधी मधल्या वेळेत दिलेले डोस भरा, कारण तोवर स्क्रीन ते डोस ‘द्यायचे बाकी’ म्हणून दाखवत असते.