ट्रेलरची डस्ट कॅप सैल बसतेय : ठोकावी, चिकटवावी की बदलावी?

डस्ट कॅप, म्हणजे चाकाच्या हबचं (मधल्या भागाचं) तोंड झाकून आतल्या बेअरिंगला धूळ-पाण्यापासून वाचवणारं टोपण, बसवताना हातोडीचा आवाज बदलायला हवा. आधी पोकळ टणटण, आणि कॅपची कड हबला टेकली की आखूड, भरीव ठोका. हा दुसरा आवाज यायच्या आधीच कॅप नुसत्या अंगठ्याने आत सरकत असेल, तर ती रस्त्यात कुठेतरी पडणार हे धरून चाला. माझ्या दोनचाकी ट्रेलरची एकाच वर्षात दोनदा पडली. दुसऱ्या वेळी लक्षात येईपर्यंत बाहेरच्या बेअरिंगमधलं ग्रीस बोटांत चोळलं की कचकचत होतं. टेपर बेअरिंगला (निमुळत्या रोलरच्या बेअरिंगला) एवढी माती पुरते. रोलर आणि रेस (रोलर ज्यावर फिरतात ती कडी) दोन्ही खरवडले जातात आणि जोडी बदलावीच लागते.

उपाय निवडण्याआधी कॅप सैल का आहे ते पाहा. व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या कॅलिपरने) हबच्या भोकाचा आतला व्यास आणि कॅपच्या भिंतीचा बाहेरचा व्यास मोजा, तोही दोन-तीन दिशांनी, कारण ठोकून ठोकून कॅप अंडाकृती झालेली असते. कॅप भोकापेक्षा किंचित मोठी असली तरच ती धरून राहते, आणि हा 'किंचित' म्हणजे मिलिमीटरचा दहावा-पाचवा भाग. म्हणूनच इंच आणि मिलिमीटरचा घोळ महागात पडतो. १.९८ इंच म्हणजे ५०.३ मिमी. अशा हबमध्ये ५० मिमीची कॅप दिसायला बरोबर दिसते, पण कधीच टिकत नाही. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. दुकानात 'हीच बसते' म्हणून दिलेली कॅप मी न मोजता आणली होती.

मापाची नवी कॅप हा माझ्या मते पहिला आणि बहुतेकांसाठी शेवटचा उपाय. स्वस्त भाग आहे, पुढच्या सर्व्हिसिंगला सहज निघतो, आणि जुनी चेपलेली कॅप सरळ करत बसायचा वेळ वाचतो. मात्र भोकात गंज किंवा धातूची उभी राहिलेली कड असेल, तर आधी बारीक पॉलिश पेपरने साफ करा. कचरा बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणून आत कापड कोंबायला विसरू नका.

कॅप लगेच मिळत नसेल तर पंचचा उपाय कामी येतो. कॅपच्या भिंतीवर आतल्या बाजूने सेंटर पंचने (ठोकून खूण करायच्या टोकदार पोलादी अवजाराने) सहा-आठ टिपके मारायचे. बाहेर उठलेले उंचवटे भोकाला घट्ट धरतात. घरी पोचायला उत्तम. पण उंचवट्यांच्या मधून पाणी जातं, आणि एक-दोनदा काढघाल केली की ते घासून सपाट होतात. भिंतीभोवती पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळण्यानेही काम होतं, फक्त ती बसवताना एका बाजूला सरकते आणि कॅप तिरकी जाते. मी ते सोडून दिलं.

सिलिकॉन सीलंटबद्दल मत थोडं वेगळं आहे. माप बरोबर असून हबच्या भोकाला गंजाचे खड्डे पडले असतील, तर तिथे सिलिकॉन खरोखर उपयोगी; खड्डे भरतं आणि पाणी अडवतं. व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, त्यातलं आम्ल गंज वाढवतं. न्यूट्रल प्रकारचं घ्या. दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसा, कारण ग्रीसवर ते धरत नाही. भिंतीवर पातळ रेघ ओढा आणि रात्रभर सुकू द्या. मापाने लहान असलेली कॅप मात्र सिलिकॉनच्या भरवशावर सोडू नका. बेअरिंग पक्के चिकटवायचा कडक गोंद तर नकोच. पुढे कॅप काढताना ती फाटते.

कॅपच्या जागी बसणारा स्प्रिंगवाला बेअरिंग प्रोटेक्टर बोटीच्या ट्रेलरसाठी आहे. गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. प्रोटेक्टर ग्रीसवर हलका दाब ठेवून ते टाळतो. पण त्यालाही भोकाचं माप अचूकच लागतं, आणि ग्रीस जास्त भरलं तर हबच्या मागच्या बाजूचं ग्रीस अडवणारं सील सरकून ग्रीस ब्रेकपर्यंत पोचतं. कोरड्या रस्त्यावरच्या ट्रेलरला मी तो सुचवणार नाही.

एक प्रसंग वेगळा : माप बरोबर, कॅप घट्ट, तरी बाहेर येते. मग आत ग्रीस ठासून भरलेलं आहे का, किंवा बेअरिंग तापतंय का, ते बघा. प्रवासानंतर हब कोमट असणं ठीक. हात ठेववत नसेल तर कॅपचा विचार बाजूला ठेवून आधी बेअरिंग उघडा.

बसवताना मधोमध ठोकू नका, कॅप चेपते आणि भिंत आत ओढली जाते. कडेवर बरोबर टेकेल असा पाइपचा तुकडा ठेवून त्यावर ठोके द्या. मग कॅप आणि हबवर मिळून मार्करने एक रेघ ओढा. वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून पाहा : रेघ सरकली असेल किंवा कडेला फट दिसत असेल, तर माप पुन्हा घ्या.